मुकी पेटी

“ओझं अर्धं झालं की वाट अर्धी होते,” असं मामा नेहमी म्हणायचे. पिशवी खांद्यावर चढवताना म्हणायचे, उतरवताना म्हणायचे, आणि एखाद्या घरात नवरा-बायकोची जुंपली असेल तर उंबऱ्यावरून पत्र आत सरकवता सरकवता तिथेही म्हणायचे. भांडणाऱ्यांना वाटायचं, हा आपल्यालाच शहाणपण शिकवतोय. मामा मात्र पिशवीबद्दलच बोलत असायचे.

ते नेमके कुणाचे मामा, हे कुणी कधी विचारलं नाही. आमच्या टेकडीवरच्या दीडशे घरांचे ते टपालवाले होते. बावीस वर्षं जो माणूस रोज दाराशी येतो त्याला काहीतरी नातं द्यावंच लागतं, तसं ते दिलं गेलं. मग त्यांची बायको आपोआप मामी झाली. मामी टेकडीच्या पायथ्याशी राहायच्या, आणि मामांच्या मनातलं जे मला पुढे कळलं ते त्यांच्या तोंडून कळलं.

मामा उंच होते, पण उंची दिसायची नाही. उजवा खांदा डाव्यापेक्षा दोन बोटं खाली उतरलेला होता. जुंपून जुंपून बैलाचा खांदा बसतो, तसा तो बसला होता. खात्याकडून येणारा खाकी कोट सगळ्यांना सारखा यायचा आणि मामांच्या अंगावर तिरका लोंबायचा. मग आमच्या गल्लीतल्या शिवणताई तो उसवायच्या, उजव्या खांद्यात कापसाची घडी घालायच्या आणि पुन्हा शिवायच्या. कोट घातल्यावर मामा सरळ माणसासारखे दिसायचे. ताई त्यांना चिडवायच्या, की खात्याने तुम्हाला वाकवलं आणि मी उभं केलं, तेव्हा निवृत्तीच्या हारातली निम्मी फुलं माझी.

आमची गल्ली टेकडीवर सगळ्यात वर. रस्ता वळणं घेत घेत निम्म्या टेकडीपर्यंत येतो. पुढे चढ, आणि शेवटी चौऱ्याण्णव दगडी पायऱ्या. त्या चढून आलं की सात घरं, समोरासमोर. शिवणताईंचं पहिलं, त्याच्या समोरचं माझं. मी टोपल्या विणतो, त्यामुळे दिवसभर ओट्यावर असतो. गल्ली इतकी अरुंद, की समोरच्या घरात सुई पडली तरी इकडे कळावं.

निम्म्या टेकडीवर, रस्त्याच्या दुसऱ्या वळणावर, ती पेटी होती. छातीएवढी उंच, लोखंडी, काळपट हिरव्या रंगाची, चार पायांवर उभी. तिला दार होतं, दाराला कुलूप होतं, पण तोंड नव्हतं. पत्र टाकायला फट नाही. नवखा माणूस पत्र हातात घेऊन तिच्याभोवती दोन फेऱ्या मारायचा, वरून, मागून चाचपायचा आणि शेवटी आजूबाजूला बघून पत्र तिच्या डोक्यावर दगडाखाली ठेवून निघून जायचा. मामा ती पत्रं उचलायचे आणि खाली नेऊन खऱ्या पेटीत टाकायचे. खात्याच्या कागदांत तिचं नाव टप्पापेटी होतं. आम्ही तिला मुकी म्हणायचो. मामा म्हणायचे, सगळ्या टपालखात्यात तोंड बंद ठेवणारी ही एकटीच.

तिचं काम साधं होतं. वरच्या घरांचं टपाल मामांनी तळापासून खांद्यावर वाहून आणायचं म्हटलं असतं तर दुपारपर्यंत त्यांचा श्वास संपला असता. म्हणून सकाळी टपालाची गाडी यायची, गाडीवाला आपल्या किल्लीने मुकीचं दार उघडून वरच्या घरांची पिशवी आत ठेवायचा आणि निघून जायचा. मामा खालची घरं करत करत साडेअकराला वळणावर पोहोचायचे. रिकामी पिशवी घडी करायची, पेटीच्या सावलीत डबा खायचा, मग आपल्या किल्लीने दार उघडून भरलेली पिशवी खांद्याला लावायची. थंडीत कुलूप आखडायचं, तेव्हा ते त्यावर तोंडाची वाफ सोडायचे, जशी आई लेकराच्या हातांवर सोडते.

एक नियम होता. संध्याकाळी पेटी रिकामी पाहिजे. कागदाचा एक तुकडादेखील आत झोपता कामा नये. मामा परतताना दार उघडून पूर्ण हात आत घालायचे आणि तळ चाचपायचे. बावीस वर्षं त्यांनी तळाला हात लावल्याशिवाय कुलूप लावलं नाही.

मग त्यांचा गुडघा बिघडला.

पहिल्यांदा कुणाला कळलं नाही. पायऱ्या चढताना ते मध्येच थांबायचे आणि थांबलोय असं वाटू नये म्हणून पत्रं चाळायचे. पुढे गुडघा सुजायला लागला. डॉक्टरांनी सांगितलं की पायऱ्या बंद करा. मामांनी ती गोष्ट डॉक्टरांच्या खोलीतच ठेवली. निवृत्तीला तीन वर्षं उरली होती. कार्यालयात कळलं असतं तर त्यांना टेकडीवरून काढून मागच्या अंधाऱ्या खोलीत शिक्के मारायला बसवलं असतं. मामी म्हणाल्या, बसवू देत की, बसून काम मिळतंय तर कोण नको म्हणतं. त्यावर मामांनी उत्तर दिलं होतं की बावीस वर्षं मी माणसांच्या दारात जातोय, आता भिंतीकडे तोंड करून बसलो तर दोन महिन्यांत मरेन. मामी त्यानंतर रोज गरम पाण्याचं भांडं तेवढं त्यांच्या पायाशी ठेवायच्या.

तेव्हा मामांनी आपल्यापुरता एक मार्ग काढला. लिहिलेलं ते आज, छापलेलं ते उद्या. आमच्या सात घरांना रोज काय येणार? दुकानांची पत्रकं, कुठल्या तरी कंपनीची चित्रं, लॉटरीवाल्यांची आमिषं. असं छापील काही आलं तर ते मुकीतच ठेवायचं आणि मंगळवारी नि शुक्रवारी एकदम वर आणायचं. मात्र हाताने लिहिलेलं पत्र असेल, सरकारी कागद असेल, मनीऑर्डर असेल, तर गुडघा फुटो की राहो, त्याच दिवशी चौऱ्याण्णव पायऱ्या. यात त्यांना पाप वाटलं नाही. खरं सांगायचं तर आम्हालाही वाटलं नसतं. पत्रकं दोन दिवस उशिरा आली म्हणून कुणाचं घोडं अडतं?

आणि त्यांचा आपल्या अंगठ्यावर भरवसा होता. पाकीट उघडायचं नाही, वाचायचं नाही, नुसता अंगठा फिरवला की आत काय ते सांगायचे. जाहिरातीचं पाकीट गुळगुळीत, त्याला पत्ता दिसायला पातळ कागदाची खिडकी, दाबली की करकरते. कोर्टाचं जाड आणि कोरडं. लग्नाची पत्रिका कोपऱ्यात टोचते. इस्पितळाचं तपकिरी, खरखरीत, मागे गोंदाचा फुगवटा. कार्यालयातले सोबती त्यांचे डोळे बांधून पैज लावायचे आणि हरायचे. गाडीवाला म्हणायचा, मामांचा अंगठा कापून ठेवा रे, खात्याला पुढे उपयोगी पडेल.

त्या वर्षी शिवणताई एका पत्राची वाट बघत होत्या. त्यांचा डावा डोळा आधीच गेला होता. उजव्यात दाब वाढत चालला होता. शहरातल्या मोठ्या इस्पितळात त्यांचं नाव यादीत लागलं होतं, पाळी आली की पत्राने कळवू म्हणाले होते. आमच्या गल्लीत तेव्हा कुणाकडे फोन नव्हता. डॉक्टरांनी नुकतंच स्पष्ट सांगितलं होतं की थेंबांवर आणखी दोन-तीन महिने निघतील, त्यापुढे माझ्या हातात काही नाही. ताई एकट्या. नवरा कधीच वारला होता, मूल नव्हतं. सुईत दोरा ओवून द्यायला त्या मला हाक मारायच्या, आणि उपकार नको म्हणून एकदम दहा सुया ओवून घ्यायच्या.

चार महिने त्या रोज दुपारी पायऱ्यांच्या वरच्या टोकाला येऊन उभ्या राहायच्या. मामा वर आले नाहीत तर समजायचं, आज काही नाही. आले तर त्या विचारायच्या, “आलं का माझं?” मामा मान हलवायचे आणि मग आठवून तोंडाने ‘नाही’ म्हणायचे, कारण मान हललेली ताईंना दिसायची नाही.

त्या शुक्रवारी मामा दुपारी पाऊण वाजता वर आले. तीन दिवसांचं छापील टपाल होतं. ताईंच्या हाती चार पाकिटं ठेवली. ताई म्हणाल्या की चुलीत घालायच्या आधी वाचून तरी दाखवा, कुणी फुकट साडी देत असेल तर कशाला सोडा. हे त्यांचं नेहमीचं होतं. मामा पायरीवर टेकले, गुडघा लांब केला आणि एकेक फोडून वाचू लागले. पहिलं भांड्यांच्या दुकानाचं. दुसरं कसल्याशा तेलाचं, केस वाढवणारं. त्यावर ताई म्हणाल्या, ते तुम्हीच ठेवून घ्या. तिसरं पाकीट पांढरं, गुळगुळीत, कोपऱ्यात रंगीत पट्टा आणि हसणाऱ्या बाईचं चित्र. खिडकी करकरली. मामांनी कागद उलगडला आणि वाचलाच नाही.

मी ओट्यावरून बघत होतो. त्यांचे ओठ हलले आणि थांबले. ताई वाट बघत होत्या, तोंडावर अजून मघाचं हसू होतं.

“काय आहे?” त्यांनी विचारलं.

“कापडाच्या दुकानाचं,” मामा म्हणाले. कागद घडी करून त्यांनी खिशात घातला.

मग ते उठून माझ्याकडे आले आणि पिशवी माझ्या ओट्यावर ठेवली. म्हणाले, जरा सांभाळा, येतोच. बावीस वर्षांत त्यांनी पिशवी खांद्यावरून उतरवून कुणाच्या घरी ठेवली नव्हती. पाणी प्यायचे तेही पट्टा खांद्यावर ठेवूनच. मी विचारायच्या आत ते पायऱ्या उतरत होते, कठड्याला धरून, एका पायावर जवळजवळ उड्या मारत.

इस्पितळाने पाकिटं बदलली होती. तपकिरी गेली, पांढरी आली. आत लिहिलं होतं की शुक्रवारी सकाळी नऊ वाजता उपाशीपोटी यावे, न आल्यास नाव यादीच्या शेवटी जाईल. पत्र बुधवारी सकाळी मुकीत आलं होतं. बुधवारी दुपारी मामांनी त्याच्यावर अंगठा फिरवला होता आणि ते परत आत ठेवून कुलूप लावलं होतं.

इस्पितळात काय झालं ते मामींनी सांगितलं. मामा मोटारीने शहरात गेले, खिडकीशी उभे राहिले. आतल्या माणसाने वही उघडली, बोट फिरवलं आणि म्हणाला की बाई आल्या नाहीत, त्यांच्या जागी दुसऱ्याला घेतलं, आता सात महिन्यांनी. मामांनी हात जोडले. तो माणूस वाईट नव्हता. तो म्हणाला, आम्ही पत्र वेळेत टाकलं होतं, इथे तारीख आहे, बघा. उशीर का झाला ते तुमच्या टपालवाल्याला विचारा. मग त्याचं लक्ष मामांच्या कोटाकडे गेलं आणि त्याने वही मिटली.

संध्याकाळी मामा परत आले, माझ्याकडून पिशवी घेतली आणि उरलेल्या पाच घरांचं टपाल दिवेलागणीपर्यंत वाटलं. घरी गेल्यावर मामींना सगळं सांगितलं. मामी म्हणाल्या, उद्या जाऊन तिला सांगा.

“सांगून डोळा परत मिळणार आहे का?”

“नाही मिळणार. पण ती अजून रोज पायऱ्यांवर उभी राहील. निदान तेवढं तरी थांबवा.”

दुसऱ्या दिवशी ते आले तेव्हा ताई मशीनवर होत्या. मशीन पायाने चालवायच्या आणि कापड बोटांनी बघायच्या. मामा दारात उभे राहिले. आत या म्हटलं तरी गेले नाहीत. त्यांनी सगळं सांगितलं. गुडघा, मंगळवार-शुक्रवार, पांढरं पाकीट, काल बोललेलं खोटं, इस्पितळाची खिडकी. काही गाळलं नाही, काही सजवलंही नाही. पत्रावरचा पत्ता वाचावा तसं एका सुरात सांगितलं. मशीन केव्हाच थांबलं होतं.

ताईंनी विचारलं, “तीन दिवस कुठे होतं ते?”

“मुकीत.”

“खालच्या वळणावरच्या?”

“हो.”

“पायऱ्यांच्या टोकाला उभी राहिले की मला ती दिसते,” ताई म्हणाल्या. “तुमचं तोंड दिसत नाही, पण ती दिसते. हिरवा ठिपका. बुधवारी मी तिच्याकडेच बघत उभी होते.”

मामा दाराच्या चौकटीला धरून होते. ताईंनी बाजूच्या ढिगातून चाचपत त्यांचा कोट ओढला. नवा कोट होता, पंधरा दिवसांपूर्वी दिलेला. तो पुढे धरून म्हणाल्या, “खांदा बसवायचा राहिलाय. तसाच घेऊन जा.”

सोमवारी मामांनी कार्यालयात लेखी दिलं. साहेब मऊ स्वभावाचे होते, त्यांनी कागद वाचून परत मामांपुढे सरकवला. म्हणाले, फाडून टाका, गाडी त्या दिवशी उशिरा आली असं दाखवू, गाडीवाल्याला एक ताकीद मिळेल आणि प्रकरण मिटेल. गाडीवाला तिथेच उभा होता. तो म्हणाला, दाखवा, माझ्या पाठीला काय, सवय आहे. मामांनी कागद फाडला नाही. साहेब म्हणाले, मग चौकशी होईल. मामा म्हणाले, होऊ दे.

मी ताईंना घेऊन दोनदा इस्पितळात गेलो. टपालखात्याचं पत्रही नेलं, चूक आमची आहे असं त्यात शिक्क्यासह लिहिलेलं. खिडकीतल्या माणसाने ते फायलीला लावलं. डॉक्टरांनी थेंब वाढवून दिले आणि म्हणाले, यादीत तुमच्या पुढे असलेली माणसंही आंधळीच होताहेत, बाई. यावर आम्ही भांडायचं तरी कुणाशी?

चौकशी तीन महिने चालली. पहिल्याच आठवड्यात मुकीवर लाख लावून मोहर मारली आणि दोन्ही किल्ल्या काढून घेतल्या. पेटी उभी होती, पण मामांना उघडायची मनाई. तीन महिने त्यांनी सगळं टपाल तळापासून खांद्यावर आणलं. सकाळची पिशवी आणि वरची पिशवी, दोन्ही एकदम. आमच्या सात घरांत एखादं फडतूस पत्रक असलं तरी ते चौऱ्याण्णव पायऱ्या चढून त्याच दिवशी यायचं. कित्येकदा काहीच नसायचं, तरी यायचे. मी म्हणायचो, मामा, कशाला जीव काढताय? ते घाम पुसायचे आणि पुढच्या दाराशी जायचे. आपलं ते जुनं वाक्य त्यांनी पुन्हा कधी म्हटलं नाही. बिनखांद्याचा कोट अंगावर तिरका लोंबत असायचा.

ताईंच्या दाराशी ते घटकाभर उभे राहायचे. पत्र असलं तर उंबऱ्यावर ठेवायचे. पायऱ्यांच्या टोकाला येणं ताईंनी खरंच थांबवलं होतं. दुसऱ्या महिन्यात त्यांनी मशीनवर चादर घातली. तिसऱ्या महिन्यात एके सकाळी त्यांनी मला हाक मारली आणि विचारलं की आज आभाळ आलंय का. आभाळ स्वच्छ होतं. माझ्या गप्प राहण्यातून त्यांना उत्तर कळलं, आणि भिंतीला हात लावत त्या आत गेल्या.

चौकशीचा निकाल आला. मामांना टेकडीवरून काढलं. उरलेली वर्षं मागच्या खोलीत शिक्के. शेवटच्या दिवशी ते नेहमीच्या वेळेला वर आले. सहा घरांना टपाल होतं. ताईंना काही नव्हतं. सहा घरं झाल्यावर ते रिकाम्या हातांनी ताईंच्या दाराशी आले. त्या दिवशी ताई उंबऱ्यावर बसल्या होत्या.

मामा म्हणाले, “उद्यापासून दुसरा माणूस येईल, ताई. मोटारसायकलवर. पायऱ्यांच्या खालून हाक मारेल तो.”

“मारू दे. मला कोण पत्र पाठवतंय आता?”

मामा उभेच राहिले. पट्टा त्यांनी एका खांद्यावरून दुसऱ्यावर घेतला. मग ताई म्हणाल्या, “पाय फार ओढताय तुम्ही. आवाजावरून कळतं. कुणाला तरी आधी सांगायचं होतं ना, मामा. मी म्हटलं असतं, वर येऊ नका, मी खाली येत जाईन. तेव्हा मला पायऱ्या दिसत होत्या.”

मामांनी मान हलवली. तोंडाने काही बोलायचं त्यांना आठवलं नाही. मग वळले आणि पायऱ्या उतरू लागले. दोन्ही पाय एका पायरीवर आणून मग पुढची, असे, लहान मूल उतरतं तसे.

ताईंनी माझ्या दिशेला तोंड केलं. म्हणाल्या, आवाज गेला, गेले का ते? मी म्हटलं, अजून दिसताहेत. त्या म्हणाल्या, बघत राहा, गेले की सांगा.

मी टोपली खाली ठेवून उभा राहिलो. पायऱ्या संपल्या, चढाचा रस्ता लागला. ऊन डोक्यावर होतं, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. मुकीशी आल्यावर ते तिच्याकडे न बघता पुढे गेले. खाकी कोट एका बाजूला झुकलेला, रिकामी पिशवी मांडीवर आपटत. पहिल्या वळणाला रस्ता टेकडीच्या आड जातो. तिथवर मला ते दिसले, मग दिसले नाहीत. मी ताईंना तसं सांगितलं.